स्वतःची बाजू स्वतः मांडताना: बेळगाव सीमाभागातल्या दिव्यांगांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि दवाखाना कधी बेळगावचा तर कधी कोल्हापूरचा, अशी बहुतेकांची स्थिती असते. दिव्यांग माणसाला यात दुहेरी अडथळा येतो. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

घरचे बोलायला असताना मी स्वतः का बोलायचं?

अडचण रोज तुम्हाला येते, म्हणून. भाऊ कचेरीत जाऊन म्हणतो, "याला काहीतरी मदत करा." तुम्ही सांगू शकता, "मला जिना चढता येत नाही, माझा अर्ज खाली येऊन घ्या." पहिल्या वाक्याने हळहळ मिळते, दुसऱ्याने काम होतं.

दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांइतकीच मान्यता आहे. मालमत्ता, बँक, कर्ज या बाबतीतले निर्णय तिचे स्वतःचे असतात. घरच्यांनी सोबत यावं, लिहून द्यावं, वाचून दाखवावं, पण काय मागायचं ते तुम्ही ठरवा. त्यासाठी तोंडाने बोलता आलंच पाहिजे असंही नाही. लिहून, खुणेने, मोबाइलवर टाइप करून, चित्रावर बोट ठेवून सांगितलेलंही तुमचंच म्हणणं असतं.

साहेब माझ्याकडे न बघता सोबतच्या माणसालाच विचारतात. काय करावं?

हे घडणारच असं धरून घरूनच ठरवून निघा. सोबत्याला आधी सांगून ठेवा: प्रश्न आला की गप्प राहायचं आणि माझ्याकडे बघायचं. सोबती गप्प राहिला की साहेबांची नजर आपोआप तुमच्याकडे वळते. तरी नाही वळली तर शांतपणे म्हणा, "मला विचारा, उत्तर मी देतो. थोडा वेळ लागेल." कन्नडमधून सांगायचं तर आपल्या भागात "ननग केळ्री, नान हेळतीनि" एवढं पुरतं.

बोलायला वेळ लागत असेल किंवा उच्चार कळत नसतील तर मुद्दे कागदावर लिहून न्या आणि कागदच पुढे करा. कर्णबधिरांनी पहिल्याच अर्जात "मला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा" असं लिहावं. आयत्या वेळी दुभाषी मिळत नाही आणि मग काम नातेवाइकावर येतं. नातेवाईक अर्धं बोलणं गाळतो, त्यातही नेमकं तुमच्या तक्रारीचं.

अर्ज मराठीत दिला तर चालतो का? "कन्नडमध्ये आणा" म्हणून परत पाठवतात.

गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देता येतो. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा प्रत्येकाला हक्क आहे, मग अधिकारी कोणत्याही पातळीवरचा असो. केवळ भाषेचं कारण देऊन तो परत करता येत नाही. उत्तर मात्र कन्नडमध्ये येऊ शकतं, कारण राज्याची कामकाजाची भाषा कन्नड आहे.

हक्क असला तरी काम लवकर व्हावं हेही महत्त्वाचं. म्हणून मूळ अर्ज मराठीत लिहा आणि वरती कन्नडमध्ये चार ओळी जोडा: नाव, गाव, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक, मागणी. टेबलावरच्या कारकुनाला त्या चार ओळींवरून फाइल कुठे पाठवायची ते कळतं. शाळेत जाणारी मुलं हे सहज लिहून देतात, कारण मराठी माध्यमातही कन्नड शिकवलं जातं. कुणाकडून लिहून घेतलं तर वाचून घ्या. "उतार बांधावा" या मागणीचं "मदत करावी" होऊन जातं, आणि मग उत्तरही तसंच मोघम येतं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला वेगळा नियम आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये, द्यावा लागतो. मराठी माणसाला हिंदीचा मार्ग सोपा पडतो. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, फी १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ती माफ आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. हे कायद्यातच आहे, उपकार म्हणून नव्हे.

अर्जात नेमकं काय लिहायचं?

एका अर्जात एकच मागणी. पेन्शन, रस्ता, खुर्ची आणि शेजाऱ्याचा त्रास एकत्र लिहिला की कागद चार टेबलांवर फिरतो आणि कुठेच निकालात निघत नाही. नमुना असा:

"मी अमुक, राहणार अमुक, तालुका खानापूर. मला ६० टक्के अस्थिव्यंग असून माझा यूडीआयडी क्रमांक अमुक आहे. पंचायत कार्यालयाला तीन पायऱ्या असल्याने मला आत येता येत नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४५ प्रमाणे येथे उतार बांधावा. तोपर्यंत माझे अर्ज पायरीपाशी येऊन घ्यावेत. झालेली कार्यवाही ३० दिवसांत लेखी कळवावी."

कोण, अडचण काय, कायदा कोणता, हवं काय, तोवर सोय काय आणि मुदत किती, एवढं त्यात आलं. "तोवर सोय" ही ओळ गाळू नका. बांधकामाला वर्ष लागेल, पण पायरीपाशी येऊन अर्ज घ्यायला निधी लागत नाही.

उतार मागताना मापही लिहा, नाहीतर कंत्राटदार सिमेंटची घसरगुंडी करून बिल काढतो. प्रमाण १ ला १२ असावं. तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर असेल तर उताराची लांबी ५.४ मीटर, म्हणजे जवळपास १८ फूट येते. रुंदी किमान १२० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर दारापाशी खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा. खानापूर भागात पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे गुळगुळीत फरशी लावू देऊ नका. खरखरीत पृष्ठभाग मागा. सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत केव्हाच संपली.

अर्ज दिला, पण पुढे काहीच होत नाही.

पोच घेतली होती का, हे आधी बघा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच दाखवता येत नाही.

नाडकचेरी, ग्राम वन किंवा कर्नाटक वन केंद्रातून पेन्शनसारख्या सेवेसाठी अर्ज केला असेल तर तो बहुतेक वेळा सकाल, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याच्या, कायद्याखाली येतो. कर्नाटकाचा हा कायदा २०११ चा आहे. पावतीवर १५ अंकी जीएससी क्रमांक असतो, त्यावरून अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते कळतं. ठरलेली मुदत उलटली किंवा अर्ज नामंजूर झाला तर ३० दिवसांत अपील करता येतं. उशिराबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम किरकोळ आहे, पण ती संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून जाते, त्यामुळे अपिलाचं नाव काढल्यावर फाइल हलते.

तोंडी नकार कधीही घेऊ नका. "होत नाही" म्हणाले की हिंबरह मागा, म्हणजे कारणासह लेखी शेरा. बऱ्याचदा लेखी द्यायची वेळ आली की नकारच मागे पडतो. आणि दिलाच, तर अपिलाला तो कागद हाताशी राहतो.

यूडीआयडी कार्ड कुठे काढायचं? माझे उपचार कोल्हापूरला झाले आहेत.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. तुमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातला वैद्यकीय अधिकारी किंवा ज्या सरकारी रुग्णालयात या दिव्यांगत्वावर उपचार झाले तिथला अधिकारी, असे दोन्ही पर्याय नियमांत आहेत. त्यामुळे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेतलेल्याला तिथला पर्याय मोकळा आहे. तरी पत्ता बेळगाव जिल्ह्यातला असेल तर बेळगावचं बिम्स जिल्हा रुग्णालय निवडणं बरं, म्हणजे पुढे कर्नाटकातल्या योजनांच्या वेळी शंका निघत नाहीत. कोल्हापूरचे सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या. कार्ड देशभर चालतं. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ पर्यंत पिवळं आणि ८० पासून पुढे निळं असतं.

अर्ज अडकतात ते साध्या चुकांनी. आधारवरचं नाव आणि जुन्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही. मराठी नाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं, म्हणून आधी आधार दुरुस्त करा. दुसरी चूक म्हणजे सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर टाकणं. तपासणीचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि तारीख निघून जाते. जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्यावर बेळगावी असणं ही मात्र अडचण नाही. जिल्ह्याचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी पातळीवर बदललं आहे, एवढंच सांगायचं.

टक्केवारी कमी दिली असं वाटतं.

आधी गणित समजून घ्या. दोन दिव्यांगत्वं असली की टक्के नुसते मिळवत नाहीत. मोठा आकडा अ आणि लहान ब धरला तर अ + ब × (९० − अ) ÷ ९० असं सूत्र आहे. ४० आणि ३० असतील तर ४० + ३० × ५० ÷ ९०, म्हणजे साधारण ५७ टक्के होतात, ७० नव्हे. दुसरं दिव्यांगत्व तपासलंच गेलं नसेल तर मात्र नक्की हरकत घ्या. पाय दिसतो म्हणून पाय मोजला आणि कमी ऐकू येणं राहून गेलं, असं होऊ शकतं. तपासणीला जाताना सगळ्या अडचणींची यादी लिहून न्या.

निर्णय पटला नाही तर दिव्यांगजन हक्क अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. प्रमाणपत्र नाकारलं असेल तर कारण लेखी द्यावंच लागतं. हे सोडून देऊ नका. कर्नाटकात पेन्शनचा दर टक्केवारीवर ठरतो, आणि ३९ आणि ४० यांच्यामध्ये तर पूर्ण आरक्षण उभं आहे.

४० टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणजे मला हक्कच नाहीत?

आहेत. ४० टक्क्यांची अट आरक्षण, पेन्शन अशा ठरावीक लाभांना आहे. भेदभाव न होण्याचा आणि गरजेनुसार वाजवी सोय मिळण्याचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक देण्याचा तो निकाल आहे. कुणी "टक्के भरत नाहीत" म्हणून सोय नाकारली तर अर्जात या निकालाचं नाव लिहा.

मराठी माध्यमातल्या मुलाला एसएसएलसीला (दहावीला) लेखनिक कसा मिळवायचा?

परीक्षेचा फॉर्म भरतानाच शाळेमार्फत मागणी करा. हॉल तिकीट आल्यावर धावपळ केली तर उशीर झालेला असतो. अर्जात "मराठी माध्यम, मराठी सफाईने वाचता-लिहिता येणारा लेखनिक" असं स्पष्ट लिहा. नाहीतर केंद्रावर कन्नड माध्यमातलं मूल समोर येतं आणि प्रश्न वाचण्यातच वेळ जातो. लेखनिक सहसा खालच्या इयत्तेतला, म्हणजे नववीचा असतो. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, तीन तासांच्या पेपरला एक तास.

लेखनिकासोबत आधी किमान दोन पूर्ण पेपर सोडवून घ्या. गणितात "कंस सुरू, क्ष चा वर्ग, कंस पूर्ण" असं सांगायची सवय दोघांनाही लागते. या सवयीशिवाय हुशार मुलाचे गुणही जातात, आणि ते फार वाईट वाटतं.

वय ६ ते १८ मधल्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्याकडे सोय नाही" असं शाळा म्हणाली तर तेही लेखी मागा.

ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी म्हणजे काय?

पंचायतीने आपल्या निधीतला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर, हे तुम्ही सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी ठरवतं आणि मार्च तोंडावर आला की सगळ्यांना सारखीच वस्तू वाटून मोकळे होतात. म्हणून वर्षाचा आराखडा ठरण्याआधी पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी मागणी द्या आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवा. इतिवृत्तात नोंद झाली का, ते त्याच दिवशी पाहा. चाकाची खुर्ची मागत असाल तर बसायची रुंदी, खोली आणि पावलाची उंची मोजून द्या. मोठी खुर्ची छोट्या अंगाला आली की पाठीला बाक येतो आणि खुर्ची पडवीत पडून राहते.

गावपातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आणि तालुक्याला बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता असतो. हे कार्यकर्ते बहुतेक स्वतः दिव्यांग असतात. तुमच्या पंचायतीचा कार्यकर्ता कोण, हे पीडीओंना विचारा. त्यांच्या वर बेळगावला जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे.

माहेर निपाणी, सासर कागल. योजना कुठल्या राज्याची?

जिथे राहता तिथली. यूडीआयडी कार्डावरचा पत्ता आधी बदलून घ्या, कार्ड नव्याने काढायची गरज नाही. दोन्ही राज्यांत पेन्शन घेऊ नका. खाती आधारला जोडलेली असल्याने ते उघडकीला येतं आणि वसुली लागते. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत १५ वर्षं वास्तव्याची अट आहे, तेव्हा इकडची पेन्शन बंद करण्याआधी तिकडची पात्रता तहसील कचेरीत विचारून घ्या. ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा महाराष्ट्राचा २०२३ चा निर्णय उपचारांपुरता आहे, पेन्शनशी त्याचा संबंध नाही.

मुलीला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. ती स्वतः कशी मांडणार?

छोट्या निवडींपासून सुरुवात करा. दोन कपडे समोर ठेवून कुठला ते विचारा आणि तिने निवडला तोच घाला. रोज निवड करणारी व्यक्ती पुढे "मला तिथे जायचं नाही", "हा हात लावतो ते आवडत नाही" हेही सांगू शकते. तिच्या सुरक्षिततेसाठी ही सवय फार मोलाची आहे. कचेरीच्या कामाआधी जागेचा फोटो दाखवा, काय विचारतील ते सोप्या वाक्यांत सांगा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. तिचं एक पान तयार करा: मला काय आवडतं, कशाने त्रास होतो, माझ्याशी कसं बोलायचं. शाळा, दवाखाना, बस, सगळीकडे ते पान उपयोगी पडतं.

१८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. खरोखर गरज असेल तरच तिकडे जा. नुसतं बँक खातं चालवायचं असेल तर आधी बँकेशी बोलून पाहा.

बँक म्हणते, अंध आहात, चेकबुक मिळणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या जून २००८ च्या परिपत्रकाप्रमाणे दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर यांसारख्या सेवा नाकारता येत नाहीत. शाखेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

चारचौघांत अपमान केला, मारहाण केली तर?

लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणं, धमकावणं, मारहाण, जाणूनबुजून उपाशी ठेवणं हे सारं दिव्यांगजन हक्क अधिनियमाच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं आणि दंड. घरातूनच त्रास होत असेल तर कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे तालुक्याला तहसीलदारांकडे, संरक्षण मागता येतं. घटना सीमेपलीकडे, समजा चंदगड हद्दीत घडली, तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. कलम ९२ लावा असं तुम्ही स्वतः सांगा. हा कायदा ठाण्यात रोज वापरला जात नाही, त्यामुळे किरकोळ भांडणाची नोंद करून पाठवण्याकडे कल असतो.

वकील परवडत नाही.

दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. बेळगावच्या जिल्हा न्यायालयात आणि तालुका न्यायालयांत ही सोय आहे. फोन १५१००.

बेंगळुरूच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रारीला मात्र वकिलाची गरज नाही. आधी दिलेले अर्ज, पोच आणि हिंबरह तारखेप्रमाणे लावून पाठवा. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते, किंवा न मानण्याचं कारण द्यावं लागतं. ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि उलटली की स्मरणपत्र पाठवा.

बसचा पास आणि रेल्वेची सवलत?

बसचा सवलतीचा पास सेवा सिंधू पोर्टलवरून मिळतो. वर्षाला ६६० रुपये, घरापासून १०० किलोमीटरपर्यंत. दृष्टिहीनांना पास मोफत आहे. महिलांसाठीची मोफत बसप्रवासाची शक्ती योजना राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत चालत नाही, त्यामुळे कोल्हापूरची गाडी पकडण्याआधी तिकिटाचे पैसे जवळ ठेवा.

रेल्वेची सवलत सगळ्या दिव्यांगांना नाही. पूर्ण अंधत्व, ऐकू-बोलू न येणं, आणि सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग किंवा बौद्धिक दिव्यांग, यांनाच ती आहे. डॉक्टरांकडून रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेताना "सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही" हे वाक्य त्यात आहे का ते तिथेच वाचा. बेळगाव हुबळी विभागात येतं, त्यामुळे ओळखपत्राचा अर्ज त्या विभागाकडे जातो.

मतदानाला केंद्रावर जाता येत नाही.

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर घरून मतदान करता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२ डी फॉर्म केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. हे पाच दिवस भुर्रकन जातात, म्हणून फॉर्म आधीच भरून ठेवा. केंद्रावर जाणार असाल तर दृष्टिहीन किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. तो सोबती तुम्ही निवडायचा. केंद्रावरचा कर्मचारी किंवा पक्षाचा माणूस परस्पर पुढे आला तर नको म्हणा. चौकशी आणि तक्रारीसाठी १९५० वर फोन करा.